बदनामीचे भांडवल

हेदवीसारख्या समुद्रकाठच्या गावात राहून जिल्ह्याच्या वृत्तपत्रांना मजकूर पाठविण्यात ज्याची उमेदीची सारी वर्षे गेली, त्याच्याकडे आजची लिहिणारी तरुण मंडळी सल्ला मागावयास येतात यात नवल नाही. परंतु गेल्या काही वर्षांत हा सल्ला ज्या एका प्रश्नाभोवती घोटाळू लागला आहे, तो प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. "काका, नीट माहिती काढून लिहिलं तर शंभर माणसं वाचतात, आणि कुणाची उणीदुणी काढली, गावाला चार नावं ठेवली, की हजारो बघतात. लोक शिव्या देतात, देऊ देत. नाव तर होतं!" असे ही मुले म्हणतात. ती आळशी नाहीत आणि लबाडही नाहीत. पहाटे उठून वेळणेश्वरापासून तवसाळपर्यंतचा किनारा ती पायाखाली घालतात, नमनाच्या खेळ्यांची चित्रे टिपतात, घरच्या आजीकडून सांदणांची कृती वदवून घेतात, आणि एवढे सारे करूनही आपल्या लिखाणाकडे कोणी ढुंकून पाहत नाही असे दिसले म्हणजे खचतात. अशा मुलांपुढे नीतिपाठ म्हणणे मला अप्रशस्त वाटते. लक्ष वेधून घेण्यासाठी बदनामीचा, मग ती दुसऱ्याची असो वा स्वतःची, मुद्दाम उपयोग करावा काय, या प्रश्नाला माझे उत्तर ‘करू नये’ असे स्वच्छ आहे. पण ते मी कोठे पोथीत वाचलेले नाही, धंद्याने मला ते शिकविले आहे, आणि कसे शिकविले ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी उमेदवारी करू लागलो तेव्हा बातमी फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूवर समास सोडून लिहावी लागे, लखोट्यावर ठळक अक्षरांत ‘वृत्तपत्राचा मजकूर’ असे घालून तो सायंकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करावा लागे. गुहागरच्या स्थानकावर तो दुसऱ्या गाडीत चढे आणि चिपळूणला कार्यालयाचा माणूस तो उतरवून घेई. आषाढात वाटेत झाड आडवे पडले की बातमी दोन-दोन दिवस स्थानकातच अडकून राही. महिनाअखेरीस छापून आलेली कात्रणे कागदावर चिकटवून पाठवावयाची, आणि त्यांना पट्टी लावून जितका मजकूर भरेल तितका मोबदला मिळावयाचा, असा रिवाज होता. वाडीतल्या एखाद्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाल्याची बातमी चार ओळींत संपे. बांधावरच्या मारामारीची बातमी तीन स्तंभांत पसरे आणि तिला चौकटही मिळे. तेव्हा वाईटाला जागा जास्त आणि दामही जास्त, हा व्यवहार मोबाइलने आणलेला आहे असे जे म्हणतात त्यांना आमचा जुना काळ ठाऊक नाही. मोह तोच होता, त्याची गती तेवढी मंद होती.

"बदनामी हीसुद्धा प्रसिद्धीच" हे वाक्य मी प्रथम ऐकले ते जिल्ह्यातील एका साप्ताहिकाच्या संपादकांच्या तोंडून, छापखान्यात खिळ्यांच्या पेट्यांजवळ उभे असताना. गृहस्थ विद्वान होते, भाषा धारदार होती, आणि एका कचेरीतील गैरकारभारावर त्यांनी लिहिलेली पहिली लेखमाला खरोखरच निर्भीड होती. त्या अंकाच्या प्रती स्थानकावरच्या विक्रेत्याकडे दुपारपर्यंत उरल्या नाहीत. पुढच्या आठवड्याला वाचकांनी त्याहून मोठ्या स्फोटाची अपेक्षा केली, आणि त्याच्या पुढच्या आठवड्याला त्याहूनही मोठ्या. प्रकरणे संपली तेव्हा माणसे घेण्यात आली. अधिकाऱ्यांची बदनामी झाली, मग शिक्षकांची, मग दुकानदारांची, आणि शेवटी ज्यांच्याशी संपादकांचे व्यक्तिगत वाकडे होते त्यांची. बाहेरून पाहणाराला वाटे की पत्राची चलती आहे, कारण जो तो त्याच अंकाविषयी बोलताना दिसे. वस्तुस्थिती निराळी होती. लहान साप्ताहिक जगते ते वार्षिक वर्गणीदारांवर, न्यायालयीन नोटिसांवर आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर. ज्या व्यापाऱ्यांनी भयापोटी जाहिराती दिल्या त्यांनी पहिली संधी साधून त्या बंद केल्या. वर्गणीदारांनी मनिऑर्डरी पाठविणे सोडले. अंक सगळेच वाचीत, पण उसना आणून, कारण तो आपल्या घरच्या ओसरीवर पडलेला दिसू नये असे प्रत्येकालाच वाटे. काही वर्षांत छापखान्याचे खिळे वजनावर विकले गेले. लोकांचे लक्ष मिळते पण विश्वास मिळत नाही, आणि वर्गणी विश्वासावर येते, हा हिशेब मी तेथे उभ्या उभ्या शिकलो.

तरीदेखील या मुलांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या बाजूला पुरावा आहे, आणि तो दडवून ठेवणे न्यायाचे होणार नाही. जोना बर्गर, अ‍ॅलन सोरेन्सन आणि स्कॉट रासमुसेन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील ग्रंथपरीक्षणांचा पुस्तकांच्या विक्रीवर काय परिणाम होतो ते तपासले. लेखक आधीच नावाजलेला असेल तर प्रतिकूल परीक्षणाने त्याच्या पुस्तकाची विक्री सुमारे १५ टक्क्यांनी घटली; परंतु लेखक अपरिचित असेल तर त्याच प्रतिकूल परीक्षणाने विक्री सुमारे ४५ टक्क्यांनी वाढली. कारण असे दिले गेले की, काही काळाने वाचक निंदा विसरतो आणि नाव तेवढे त्याच्या लक्षात राहते. मला हा निष्कर्ष खोटा वाटत नाही. पण त्याचे सारे बळ त्या एका शब्दावर, ‘विसरतो’ या शब्दावर, तोललेले आहे. न्यूयॉर्कचा ग्राहक विसरत असेल. हेदवीचा माणूस विसरत नाही. कोणाच्या आजोबांनी कोणाच्या बांधावरचा फणस तोडला होता हे येथे तिसऱ्या पिढीला मुखोद्गत असते. ज्याला आपल्याच मुलखाविषयी, आपल्याच माणसांसाठी, पुढची वीस वर्षे लिहावयाचे आहे, त्याला अनोळखी ग्राहकाच्या विस्मृतीवर आपले नाव उभारता येत नाही. शिवाय त्या परीक्षणांत निंदा झाली ती लेखकाच्या स्वतःच्या पुस्तकाची. आमच्याकडे खळबळ उडते ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विचाराला खरे वळण मिळाले ते एका वाडीच्या पाण्याच्या टाकीपायी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पाण्यासाठी वणवण करावी लागते याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते. पण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही, ते झिरपून जाते किंवा ओढ्या-पऱ्यांवाटे समुद्राला मिळते, आणि होळीनंतर विहिरींचे तळ दिसू लागतात. त्या वाडीसाठी नळपाणी योजना मंजूर झाली होती, टाकी उभी राहिली होती, काम पूर्ण झाल्याचा दाखलाही दप्तरी दाखल होता. बायका मात्र पूर्वीप्रमाणेच उतार उतरून पऱ्याकाठच्या विहिरीवर जात होत्या. मी ग्रामसभेचे इतिवृत्त पाहिले, मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या नकला रीतसर अर्ज करून मिळविल्या, आणि एका दुपारी दोघा ग्रामस्थांना साक्षीला घेऊन त्या टाकीवर चढलो. झाकण बाजूला सारून सुंभाला दगड बांधून आत सोडला. दगड तळाला टेकल्याचा आवाज कोरडा आला. वर ओढला तेव्हा त्याला सिमेंटची पांढरी धूळ लागलेली होती. त्या धुळीचा उल्लेख मी बातमीत केला, तारखा दिल्या, संबंधितांचा खुलासा मागवून तो त्याच बातमीत छापविला, आणि विशेषण एकही वापरले नाही.

पंधरवड्याच्या आत वकिलामार्फत अब्रुनुकसानीची नोटीस आली. ज्यांच्याकडे मी ती दाखविली त्या जुन्या वकिलांनी मला त्या वेळच्या भारतीय दंड संहितेचे ४९९ वे कलम उघडून दाखविले. त्याचा पहिला अपवाद मला तेव्हापासून पाठ आहे: आरोप सत्य असून भागत नाही, तो प्रसिद्ध होणे लोकहिताचेही असावे लागते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, कलमाचा क्रमांक ३५६ झाला, पण या दोन्ही अटी कायम आहेत. आणि जो कोणी सार्वजनिक रीतीने लिहितो, मग तो कागदावर लिहो की काचेवर, त्याने त्या वाचाव्यात असे मी आवर्जून सांगतो. माझ्याजवळ सत्य होते आणि लोकहितही होते, त्यामुळे भीती वाटली नाही. फिर्याद शेवटी दाखल झालीच नाही.

पण त्या नोटिशीने मला एकाएकी प्रसिद्ध करून टाकले. गुहागरच्या बाजारात माणसे थांबवून विचारपूस करू लागली, लग्नाच्या मांडवात मला पुढे बसविण्यात येऊ लागले, एका हितचिंतकाने तर ‘मला आलेली नोटीस’ अशी लेखमाला लिहिण्याचा आग्रह धरला आणि पत्राच्या खपासाठी ती किती उपयुक्त ठरेल हेही समजावून दिले. तो काळ सुखाचा नव्हता असे म्हणणे असत्य ठरेल. अशा दिवसांत एकदा त्या वाडीतून जात असता डोक्यावर कळशी घेतलेल्या एका बाईंनी मला हटकले. "दादा, तुमची केस ऱ्हाऊ दे, आमच्या पान्याचा काय झाला ता सांगा," त्या म्हणाल्या. उत्तर माझ्यापाशी नव्हते, कारण गेल्या कित्येक आठवड्यांत एकाही माणसाने मला टाकीविषयी प्रश्न केलेला नव्हता. सगळे विचारीत होते ते नोटिशीविषयी. जे लक्ष कोरड्या टाकीकडे लागावयास हवे होते ते माझ्याकडे वळले होते, आणि ज्यांचे नाव त्या बातमीत यावयास हवे होते त्यांच्या दृष्टीने याहून सोयीची गोष्ट कोणती असणार! त्या लेखमालेला मी नकार दिला. टाकीवर पुन्हा लिहिले, नोटिशीचा उल्लेख न करता. ती बातमी आतल्या पानावर लहानशी आली आणि तिच्याविषयी बाजारात कोणी बोलले नाही. वाडीत पाणी आले ते त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी, आणि ते त्याच लहान बातम्या पुन्हा पुन्हा पाठवीत राहिल्याने, तहसील कचेरीत अर्जांचा पाठपुरावा झाल्याने.

तेव्हापासून कोणताही वाद अंगावर आला की मी प्रथम हे पाहतो की वाचकाची नजर कोठे आहे. ती विषयावर असेल तर वाद सोसावा. ती माझ्यावर खिळली असेल तर वाद कितीही लाभाचा असो, त्यातून बाजूला व्हावे.

दुसरी गोष्ट शिमग्याची. आमच्या भागात ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर जाते, आणि तिच्या मानपानाचे प्रश्न किती नाजूक असतात हे कोकणी माणसाला सांगावयास नको. एका गावात, त्याचे नाव मी तेव्हाही छापले नाही व आजही घेणार नाही, पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून दोन घराण्यांत बोलाचाली झाली. गावकी बसली. वडीलधारी माणसे शहाणी होती. या वर्षी एकाने, पुढल्या वर्षी दुसऱ्याने, असा तोडगा जवळजवळ ठरत आला होता. मला सारे ठाऊक होते आणि वृत्तसंपादकांचा तगादाही होता. "दुसऱ्याने छापली तर?" हा त्यांचा एकच प्रश्न होता. मी दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या एका पत्रात ती बातमी आली, दोन्ही घराण्यांच्या नावांसकट, आणि मथळा असा की जणू गावात रक्तपात व्हायचाच काय तो उरला आहे.

त्या दिवशी त्या गावात जे पाहिले ते मी विसरलो नाही. कात्रण हातोहात फिरत होते. मुंबईहून, लालबाग-परळच्या खोल्यांतून गावच्या मंडळींचे दूरध्वनी येत होते; जी मुले शिमग्याला यावयाची नव्हती ती रातोरात निघाली होती. काल तोडग्याला रुकार देणारे दोघेही गृहस्थ आज बैठकीस आले नाहीत. छापून आलेल्या नावाला मागे पाऊल घेता येत नाही. तोंडी झालेला अपमान माणूस गिळू शकतो, कारण उद्या तो झालाच नव्हता असे म्हणण्याची मुभा दोन्ही बाजूंना असते. छापील अपमानाला ती मुभा राहत नाही. प्रकरण प्रांतांपर्यंत गेले, जमावबंदीचा हुकूम निघाला, जबाब झाले, तहकुब्या झाल्या, आणि पालखी कित्येक वर्षे देवळाबाहेर निघाली नाही. बातमी खरी होती. त्या अंकाच्या प्रतीही पुष्कळ खपल्या असतील. परंतु त्या गावातल्या ज्या लेकरांनी आपल्या अंगणात पालखी नाचताना कधी पाहिलीच नाही, त्यांचे बालपण या खपाच्या कोणत्या खात्यावर मांडावयाचे, हे त्या वार्ताहरबंधूंना मी एकदा विचारले होते. "मी नसती दिली तर आणखी कुणी दिली असती," ते म्हणाले. आजची मुलेही मला नेमके हेच उत्तर देतात.

आता आमच्या गावाविषयीच. हेदवीला लोक येतात ते टेकडीवरच्या दशभुजा गणेशाच्या दर्शनाला, आणि तेथून उतरून समुद्रकाठी उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ पाहावयाला. काळ्या कातळाला पडलेली ही अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी लाट तीत शिरते, पुढे जावयास वाट न उरल्याने कोंडते, आणि मोठा आवाज करीत माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर उसळते. पूर्वी येथे कोणी ब्राह्मण पडला म्हणून हे नाव, असे सांगतात. घळ पाहावयाची तर भरतीलाच पाहिली पाहिजे आणि धोका आहे तोही भरतीलाच. कातळावर शेवाळ असते, आणि आलेल्या लाटेपेक्षा पुढची लाट मोठी असू शकते. मी यावर जेव्हा जेव्हा लिहिले तेव्हा आमच्या कोळी-खारव्यांचा जुना हिशेब देत आलो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ठोकळ तास निघतो, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या आसपास यावे, ओल्या कातळाच्या अलीकडे उभे राहावे, समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. एवढाच मजकूर.

मध्यंतरी एका उत्साही तरुणाने या घळीला ‘शापित’ ठरवून, जुन्या-नव्या अपघातांच्या ऐकीव कहाण्या एकत्र करून काहीतरी भयंकर रचले आणि ते दूरवर पाहिले गेले. त्याला वाटले होते की भयाने लोक सावध होतील व आपले नावही होईल. भयाने जे आले ते सावध होण्यासाठी आलेले नव्हते. भय अंगावर घेण्यासाठी आलेले होते. उधाणाच्या दिवशी ओल्या कातळावर अगदी कडेला उभे राहणाऱ्या पोरांना मागे ओढण्याचे काम गावातल्या माणसांना करावे लागले, आणि वर त्यांच्या शिव्याही खाव्या लागल्या. अशीच एक युक्ती हल्ली मथळ्यांत फार दिसते: ‘कोकणात चुकूनही जाऊ नका’ असे वर लिहावयाचे आणि आत कोकणाची स्तुती करावयाची. लिहिणाराचा हेतू निर्मळ असतो. पण मथळा जितक्यांच्या दृष्टीस पडतो तितके आतला मजकूर वाचीत नाहीत. ऐन मे महिन्यात आमच्याकडच्या एका घरगुती खानावळीच्या मालकीणबाईंना पुण्याहून एकामागून एक फोन आले, रस्ता खचला आहे का, पाण्याची काही साथ आहे का, म्हणून. दोन कुटुंबांनी येणे रहित केले. बाईंनी भाजून दळून ठेवलेले कुळीथपीठ आणि दारच्या आंब्याचा रस तसाच राहिला. ज्याने मथळा दिला त्याचे वाचक वाढले. ज्यांचा हंगाम बुडाला त्यांचे नाव त्या मजकुरात कोठेच नव्हते, त्यामुळे खुलासा मागावयाची सोयही त्यांना उरली नाही.

मोठ्यांची उदाहरणे देऊन मला निरुत्तर करू पाहणारेही भेटतात. टिळक-आगरकर तुरुंगात गेले तेव्हाच मोठे झाले ना, असे ते म्हणतात. कोल्हापूरच्या प्रकरणाची हकीकत त्यांनी नीट वाचावी. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या वार्तांवर त्याने दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली, ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट ठरली, आणि १८८२ साली दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रे खोटी आहेत असे दिसताच त्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती, तिच्यावर पाणी सोडून ‘नाव तर झाले’ असे ते म्हणाले नाहीत. सुटकेनंतर लोकांनी त्यांचा सत्कार केला तो त्यांनी कोणाला शिव्या दिल्या म्हणून नव्हे. एका असहाय राजासाठी ही माणसे पदरचे गमावून बसली हे लोकांना दिसत होते.

याच जिल्ह्यातील मुरुडच्या घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण मला त्याहूनही बोलके वाटते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी १९२५ साली गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. खटले झाले, एकदा शंभर रुपये आणि दुसऱ्यांदा दोनशे रुपये दंड झाला, आणि दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडूनही निकाल विरुद्ध गेला. महाराष्ट्रात त्या काळी याहून अधिक बदनाम लेखक शोधून सापडला नसता. त्या बदनामीचा एका पैशाचाही लाभ त्यांना झाला नाही. मासिक ते पदराला खार लावून चालवीत राहिले, ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिक थांबले. बदनामी हे त्यांनी भरलेले मोल होते, कमावलेले भांडवल नव्हते. आचार्य अत्र्यांची गोष्ट थोडी वेगळी. लेखणीच्या लढाया त्यांच्याइतक्या चवीने कोणी केल्या नाहीत व वाचकांनीही इतक्या चवीने कोणाच्या वाचल्या नाहीत. १५ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झालेल्या दैनिक ‘मराठा’मागे संयुक्त महाराष्ट्राचे प्रचंड कार्य होते, म्हणून त्या शब्दांना वजन आले. परंतु त्यांच्या व्यक्तिगत भांडणांतला मजकूर आज कोणी मागून वाचीत नाही. ‘कऱ्हेचे पाणी’ आणि ‘झेंडूची फुले’ अजून मागितली जातात.

लिहिणाऱ्याच्या वाट्याला बदनामी येतच नाही असे मी म्हणत नाही. आमच्याच तालुक्यात अंजनवेलचा वीजप्रकल्प उभा राहू लागला, १९९५ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने तो रद्द केला, पुढच्या वर्षी तो पुन्हा सुरू झाला, आणि २००१ च्या मे महिन्यात वीजनिर्मिती थांबली. त्या सगळ्या वर्षांत विजेचा दर, जमिनीचा मोबदला, मच्छीमारांची अडचण आणि स्थानिकांना मिळालेले काम यांविषयी जसे दिसले तसे लिहिणारा बातमीदार विरोधकांना विकला गेलेला वाटे आणि समर्थकांना विकासद्रोही वाटे. दोन्ही बाजूंची पत्रे मला येत. ती मी जपून ठेवली, छापली नाहीत. अशी बदनामी दारात आली तर तिला घाबरून लेखणी खाली ठेवू नये. पण तिला बोलावणे धाडावयास मात्र जाऊ नये.

मग लक्ष वेधावयाचे कशाने, असा प्रश्न उरतोच. माझ्या कात्रणांपैकी लोकांनी घरात भिंतीला चिकटवून ठेवलेली मी पाहिली ती तीनच प्रकारची होती: तवसाळ-जयगड आणि धोपावे-दाभोळ फेरीबोटींची वेळापत्रके, सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यास कोणते कागद लागतात त्याची यादी, आणि भरतीच्या हिशेबाचे ते तिथीचे कोष्टक. त्यांवर माझे नावही बहुतेकदा नसे. परंतु पुढे टाकीची बातमी आली तेव्हा लोकांनी ती खरी मानली, नोटीस येऊनही मानली, ती त्या निनावी कोष्टकांच्या पुण्याईवर, याविषयी मला शंका नाही. ही वाट लांबची आहे. तिच्यावर पहिली पाच-सात वर्षे कोणी ओळखीत नाही, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याला मी दोष देत नाही, कारण पोटाचा प्रश्न प्रत्येकाचा वेगळा असतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना माझी एकच विनंती आहे. ज्याच्याविषयी वाईट लिहावयाचे आहे त्याच्या दारात आधी स्वतः जा, त्याचे म्हणणे ऐकून घ्या, आणि घरी येऊन ते लिखाण त्याच्या मुलाबाळांसमोर मोठ्याने वाचता येईल काय याचा विचार करा. वाचता येईल असे वाटले तर छापा, आणि मग कोणी कितीही बदनामी करो, मागे घेऊ नका. वाचता येणार नाही असे वाटले, तर हजारो लोक ते पाहणार असले तरी ते छापू नका.